व्हिडिओ गेममधून माध्यम साक्षरता: नववी-दहावीच्या वर्गासाठी कृतीसह मार्गदर्शक

माध्यम साक्षरतेचा तास म्हणजे "खोट्या बातम्यांवर विश्वास ठेवू नका" हे भाषण, असं बहुतेक शाळांत होऊन बसलं आहे. मुलं माना डोलावतात आणि संध्याकाळी भावकीच्या ग्रुपवर आलेला मेसेज पुढे ढकलतात. हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून बेदम मारहाण झाली. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच संशयावरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला होता.

गेमचा उपयोग असा, की मूल ऐकणाऱ्याच्या जागेवरून उठून अफवा रचणाऱ्याच्या खुर्चीत बसतं. मथळा कसा पेटवायचा, तोतया खातं कसं उघडायचं, हे स्वतःच्या हाताने केल्यावर तीच युक्ती समोर आली की ती लवकर खुपते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी १९६०च्या दशकात मांडलेला 'लसीकरणाचा' सिद्धांत यामागे आहे: फसवणुकीचा सौम्य डोस आधीच मिळाला तर खऱ्या फसवणुकीला प्रतिकार करता येतो.

पण गेम लावला आणि काम झालं, असं समजू नका. २०२३ मध्ये अशा गेमवरच्या प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली गेली. त्यात असं दिसलं की खेळणाऱ्यांची खरं-खोटं ओळखण्याची ताकद वाढण्याऐवजी सगळ्याच बातम्यांवरचा संशय वाढतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका चाचणीत, व्हॉट्सॲपच्या धर्तीवर बनवलेल्या गेमचा ठोस परिणाम आढळला नाही. म्हणून खाली दिलेल्या आखणीत गेमला वेळ कमी आहे आणि गेमनंतरच्या कामाला जास्त. शिवाय प्रत्येक कृतीत खऱ्या बातम्याही आहेत. पूर आला की प्रशासनाची खरी सूचनाही 'फेक असेल' म्हणून सोडून देणारं मूल तयार झालं, तर आपण नुकसानच केलं.

कोणता गेम घ्यायचा

'बॅड न्यूज' हा २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले संशोधक आणि नेदरलँड्समधला 'ड्रॉग' हा गट यांनी मिळून केलेला गेम. ब्राउझरमध्ये चालतो, फुकट आहे, साधारण १५ मिनिटांत संपतो. तुम्ही खोट्या बातम्यांचे सम्राट व्हायचं. स्क्रीनवर दोन आकडे चालू असतात, अनुयायी आणि विश्वासार्हता. फार थापा मारल्या की विश्वासार्हता घसरते. वाटेत सहा बिल्ले मिळतात: तोतयेगिरी, भावना भडकवणं, दुही माजवणं, कटाची आवई, टीका करणाऱ्यालाच बदनाम करणं आणि ट्रोलिंग. या सहा युक्त्या हाच खरा ऐवज आहे. बाकीचा मालमसाला परदेशी आहे आणि मजकूर लांबलचक, त्यामुळे मराठी माध्यमाची मुलं दहाव्या ओळीला कंटाळतात. त्यावर उपाय पुढे आहे.

'हार्मनी स्क्वेअर' २०२०चा, दहा मिनिटांचा. एका शांत चौकात भांडणं लावून द्यायचं काम तुमच्याकडे. गावातली तेढ समजवायला हा बॅड न्यूजपेक्षा बरा, कारण गोष्ट एकाच वस्तीत घडते.

इंग्रजीची अडचण जिथे मोठी, तिथे निकी केस यांचा 'वी बिकम व्हॉट वी बिहोल्ड' (२०१६) घ्या. पाच मिनिटांचा, जवळजवळ शब्दांवाचून चालणारा. गोल आणि चौकोनी डोक्यांची माणसं मैदानात फिरत असतात, तुमच्या हातात कॅमेरा. शांत माणसांचा फोटो काढला तर टीव्हीवर कुणी बघत नाही, खेकसणाऱ्याचा काढला की सगळे बघतात आणि तसेच वागू लागतात. शेवट मात्र रक्तपाताचा आहे. आधी स्वतः पूर्ण खेळा. सातवीच्या खाली दाखवूच नका, आठवीला दाखवायचा तर शेवटच्या मिनिटाआधी थांबवा.

लुकस पोप यांचा 'द रिपब्लिया टाइम्स' (२०१२) दहावीसाठी उत्तम. तुम्ही सरकारी वर्तमानपत्राचे संपादक, बायको-मूल सरकारच्या ताब्यात. कोणती बातमी मोठी छापायची, कोणती कोपऱ्यात आणि कोणती गाळायची, एवढंच ठरवायचं. एकही खोटी बातमी न छापता वाचकांची दिशाभूल कशी होते हे यातून जितकं उमगतं तितकं दुसऱ्या कशातून नाही.

गूगलचा 'इंटरलँड' दिसायला सुंदर आहे, पण त्रिमितीय ग्राफिक्समुळे शाळेतल्या जुन्या संगणकांवर रखडतो. प्राथमिकचे वर्ग आणि बरी यंत्रं असतील तरच त्याच्या वाटेला जा.

खोलीची तयारी

चाळीस मुलं आणि चालू अवस्थेतले सात-आठ संगणक, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. चार-पाच जणांचा एक गट करा आणि गटात कामं वाटून द्या. एक माऊस धरेल, दुसरा इंग्रजी वाचेल, तिसरा ते मराठीत सांगेल, चौथा वहीत युक्ती टिपेल. पाचवा असेल तर त्याने फक्त आकड्यांवर लक्ष ठेवायचं. दर पाच मिनिटांनी खुर्च्या बदला. हे केलं नाही तर एकच पोरगं सगळा गेम खेळून मोकळं होतं आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. सांगणाऱ्याने शब्दशः भाषांतर करायचं नाही. "आता हा म्हणतोय की कलेक्टरच्या नावाने खोटं खातं उघडू" इतकं बोलीत सांगितलं की पुरे.

आदल्या दिवशी प्रत्येक यंत्रावर गेम एकदा उघडून बघा. ब्राउझर जुना असेल तर पान पांढरंच राहतं. शाळेचं वायफाय नसेल तर एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे मजकुराचे गेम चालतात, पण सगळ्या यंत्रांवर एकदम उघडू नका, एकेक करून उघडा. वीज जाणार हे गृहीत धरा. पुढे दिलेले बातम्यांचे पत्ते (कार्डं) छापून तयार असतील तर तास वाया जात नाही.

एकच प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही असेल तरी भागतं. प्रत्येक निर्णयाला हात वर करून मतदान घ्या, मात्र मतदानाआधी दोन्ही बाजूंच्या एकेकाला कारण सांगायला लावा.

७० मिनिटांची आखणी

दोन तासिका जोडून घ्या. ३५ मिनिटांत गेम होतो, पण चर्चा राहते, आणि चर्चेशिवायचा गेम म्हणजे निव्वळ करमणूक.

१. पहिली १० मिनिटं: दहा बातम्यांची लेखी चाचणी, पाच खऱ्या, पाच खोट्या. प्रत्येकीपुढे 'खरी' किंवा 'खोटी' लिहायचं. उत्तरं सांगायची नाहीत.

२. पुढची ५ मिनिटं: गट पाडणं, कामं वाटणं. "तुम्ही आज खलनायक आहात" एवढंच सांगा. सहा युक्त्या आधीच फळ्यावर लिहून टाकल्या तर शोधायला काही उरत नाही.

३. १५ ते १८ मिनिटं गेम. मध्ये फिरत राहा, पण उत्तर सुचवू नका. एखादा गट मागे पडला तर तिथेच थांबवा, पूर्ण होण्याचा हट्ट नको.

४. २० मिनिटं चर्चा.

५. उरलेल्या वेळात पत्त्यांची एक फेरी.

चर्चेत "गेम आवडला का?" हा प्रश्न विचारू नका, त्याला एकच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: कोणत्या क्षणी अनुयायी झपाट्याने वाढले? त्या वेळी तुम्ही भीती विकली, राग विकला की फुशारकी? विश्वासार्हता कधी पडली? मग, हीच युक्ती आपल्या भागात कोणत्या मेसेजमध्ये दिसली? इथे मुलं बोलायला लागतात: बिबट्याचे व्हिडिओ, पुराचे व्हिडिओ, "आजपासून सर्व बँका बंद". प्रत्येक उदाहरण फळ्यावर त्या-त्या युक्तीखाली लिहा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा: यातली कोणती युक्ती खरी बातमी देणारेही वापरतात? भावनेला हात घालणारा मथळा खऱ्या बातमीलाही असतो. भडक मथळा म्हणजे खोटी बातमी, असा सोपा नियम मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका.

पत्ते: आपल्या भागातली बातमी

परदेशी गेममधून युक्ती कळते, पण ती कृष्णाकाठच्या मेसेजला लावायची सवय पत्त्यांनी लागते. पोस्टकार्डाच्या आकाराचे २४ पत्ते करा. पुढे बातमी किंवा फोटो, मागे उत्तर आणि ते कुठून कळलं ते. जोडीजोडीने बनवले तर उत्तम: एकाच विषयावर एक खरा, एक खोटा.

नमुना म्हणून महाबळेश्वर घ्या. "वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले" ही बातमी कडाक्याच्या थंडीत स्थानिक वर्तमानपत्रांत येते, आणि ती खरी असते. "महाबळेश्वरमध्ये जोरदार बर्फवृष्टी" या मजकुराबरोबर देवदारांनी भरलेला डोंगर असेल, तर तो फोटो हिमालयातला. झाडं बघा, हे मुलांना इथे शिकवता येतं.

दुसरी जोडी सांगलीची. "आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर, कृष्णेने धोका पातळी ओलांडली." आकडा खरा असू शकतो, बातमी तरीही चुकीची, कारण तिथे ४० फूट ही इशारा पातळी आहे आणि धोका पातळी ४५. २०१९च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हा पत्ता हमखास चुकतो, आणि त्यासाठीच तो ठेवायचा.

तिसरा पत्ता आणखी नाजूक आहे. "कोयनेचे सहाही दरवाजे उघडले!" धरणाला वक्र दरवाजे सहाच आहेत आणि पावसाळ्यात ते सगळे उघडले जातात, तेव्हा वाक्य खरं. पण दरवाजे एक फूट उचलले की दहा फूट, हे त्यात नाही. विसर्ग किती क्युसेक, हा आकडा नसेल तर त्या मेसेजवरून काहीच ठरवता येत नाही. अशा पत्त्याच्या मागे 'अर्धवट' असं लिहा.

खोट्या वाटणाऱ्या पण खऱ्या गोष्टीही भरपूर घाला. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. कारवीची काही झुडपं सात वर्षांनी एकदाच फुलतात. शिराळा-कराडकडच्या उसात बिबट्या दिसला ही बातमी खरी असू शकते, फिरणारा व्हिडिओ मात्र भलत्याच राज्यातला किंवा एआयने बनवलेला असतो.

खेळायची रीत: प्रत्येक गटाला २४ मधले १२ पत्ते, गट दोनहून जास्त असतील तर संचाच्या प्रती काढा. खरे-खोटे नेमके सहा-सहा ठेवू नका, कुठे पाच-सात, कुठे सात-पाच. नाहीतर पोरं शेवटचे पत्ते मोजून ओळखतात. अर्धवट पत्ता 'खोटा'त मोजा, पण त्यात काय गाळलंय हे गटाने सांगितलं तरच गुण द्या. बरोबर उत्तराला २ गुण, चुकल्यास वजा ३, 'माहीत नाही, पुढे पाठवणार नाही' याला शून्य. या हिशेबात साठ टक्क्यांहून कमी खात्री असताना अंदाज ठोकणं तोट्यात जातं, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत मुलांना ते आपोआप कळतं. शिवाय गटाला तपासणीच्या चार चिठ्ठ्या द्या. एक चिठ्ठी टाकली की तीन मिनिटं संगणक किंवा सरांचा मोबाइल वापरायचा, आणि उत्तरासोबत कुठे पाहिलं ते सांगायचं. चिठ्ठ्या चारच असल्याने काय तपासण्यासारखं आहे हे आधी ठरवावं लागतं.

तपासायचं कसं, हे एकदा करून दाखवा. फोटो असेल तर गूगल लेन्स, म्हणजे फोटोवरूनच शोध घेणारं साधन. व्हिडिओ असेल तर स्वच्छ चौकट दिसेल तिथे थांबवून स्क्रीनशॉट आणि मग लेन्स. पाटी, गाडीची नंबर प्लेट, माणसांची भाषा यांकडे आधी बघा. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा अधिक चॅटमधून फिरून आलेला असतो. तो खोटाच असतो असं नाही, पण मूळ कुठलं हे पाठवणाऱ्याला माहीत नसणार. पाणीपातळीसाठी जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन. व्हायरल दाव्यांसाठी फॅक्ट क्रेसेंडो आणि विश्वास न्यूज मराठीतही लिहितात. पीआयबी फॅक्ट चेक फक्त केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांवर बोलतं आणि ते सरकारचंच अंग आहे, हेही मुलांना सांगा.

स्वतःचा गेम: ट्विन

दोन-तीन तास हाताशी असतील तर मुलांकडून गेम बनवून घ्या. ट्विन हे फुकट साधन ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी व्यवस्थित दाखवतं आणि प्रोग्रामिंग यावं लागत नाही. गोष्ट कप्प्यांत लिहायची आणि कप्प्यांना दुव्यांनी जोडायचं. दुहेरी चौकोनी कंसात असं लिहिलं:

[[ग्रुपवर पाठव->घबराट]]

की वाचणाऱ्याला 'ग्रुपवर पाठव' दिसतं आणि त्यावर टिचकी मारली की 'घबराट' नावाचा कप्पा उघडतो. तो नसेल तर ट्विन आपणहून तयार करतं. इथेच घोटाळा होतो: एका ठिकाणी 'पूर' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पुर' लिहिलं की दोन वेगळे कप्पे बनतात आणि गोष्ट अर्ध्यात अडकते. कप्प्यांची नावं एका मुलाने कागदावर लिहून ठेवावीत.

विषय पुराचा घ्या. कृष्णाकाठचं एक काल्पनिक गाव, खेळणारा ग्रुपचा ॲडमिन. रात्री पावणेदहाला मेसेज येतो: "सगळे दरवाजे उघडले, दोन तासांत गाव पाण्याखाली." चार वाटा द्या: पुढे पाठव, पाठवणाऱ्याला मूळ विचार, तलाठी किंवा पोलिस पाटलांना फोन कर, दुर्लक्ष कर. बारा ते पंधरा कप्पे पुरतात. त्याहून जास्त झाले की शेवट कुणीच लिहीत नाही.

गोष्टीच्या दुसऱ्या भागात मात्र खरी सूचना आलीच पाहिजे, तीही कोरड्या सरकारी भाषेत, उद्गारचिन्हाशिवाय: अमुक वाजेपर्यंत अमुक गल्लीने शाळेत स्थलांतर करावं. प्रत्येक मेसेज धुडकावत आलेला खेळाडू इथे हरतो. 'विश्वास' आणि 'घबराट' हे दोन आकडे ट्विनमध्येही चालवता येतात, पण पहिल्या वेळी फळ्यावर खडूनेच ठेवा. दोन्ही पाचपासून सुरू, प्रत्येक निर्णयावर एक-दोनने वर किंवा खाली. किती हलवायचे यावर वर्गात जो वाद होतो, तोच खरा धडा.

दोन तांत्रिक गोष्टी. ब्राउझरमधलं ट्विन गोष्टी त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठवतं. कुणी हिस्टरी आणि साइटचा डेटा साफ केला की सगळं गेलं. म्हणून तास संपताना 'बिल्ड'मधल्या 'पब्लिश टू फाइल'ने फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. आणि ही फाइल मोबाइलवर नुसत्या एचटीएमएल व्ह्यूअरमध्ये उघडली तर पान कोरं दिसू शकतं, क्रोममध्ये उघडायला सांगा.

गेमचाच व्हिडिओ बातमी म्हणून येतो तेव्हा

पबजी-फ्री फायर खेळणाऱ्या मुलांना हा भाग सर्वांत जास्त आवडतो, आणि इथे ती तुमच्या पुढे असतात. 'आर्मा ३' या युद्धाच्या गेममधल्या चित्रफिती वर्षानुवर्षं खऱ्या लढाईच्या म्हणून फिरतात. तो बनवणाऱ्या चेक कंपनीने, बोहेमिया इंटरॅक्टिव्हने, २०२२ मध्ये याबद्दल निवेदन काढून खुणाही सांगितल्या. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षातही अशा फिती फिरल्या.

खुणा अशा: चित्र मुद्दाम धूसर, कॅमेरा थरथरता, प्रसंग बहुधा रात्रीचा, आवाज नाही, चालती-बोलती माणसं नाहीत कारण गेममध्ये माणसांची हालचाल नैसर्गिक जमत नाही, स्फोटाचा धूर अनैसर्गिक, सुट्या ढगांसारखा. कधी कोपऱ्यात गेमचे आकडे अर्धवट कापलेले दिसतात. वर्गात तीन फिती दाखवा, दोन गेममधल्या आणि एक खरी, रक्तपात नसलेली, म्हणजे सरावाची किंवा संचलनाची. खरी फीतही धूसर निघते, हे मुलांना कळू द्या. खुणा संशय घ्यायला पुरतात, निकाल द्यायला नाही.

कुठे बिघडतं

सर्वांत मोठा धोका म्हणजे वर्गात बनवलेली अफवा बाहेर पडणं. मुलाने गमतीने स्क्रीनशॉट काढला, मामाला पाठवला, मामाने ग्रुपवर टाकला. म्हणून मुलांनी रचलेल्या प्रत्येक मजकुरावर 'वर्गातील सराव' असं आडवं मोठ्या अक्षरांत लिहा, गावाचं नाव काल्पनिक ठेवा, खरी माणसं, जात, धर्म, पक्ष, देवस्थान यांपैकी काहीही नको. भीती पसरवणाऱ्या अफवेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ लागू शकतं, हे मुलांना एका वाक्यात सांगा, धाक घालत बसू नका. निवडणुकीच्या हंगामात तर उदाहरणंच पिकं, पाणी, प्राणी आणि परीक्षा यांपुरती ठेवा. मुख्याध्यापकांना आखणी आधी दाखवा आणि पालकांना दोन ओळींची चिठ्ठी द्या, नाहीतर "शाळेत गेम खेळवतात" ही तक्रार ठरलेली.

दुसरं बिघाडाचं ठिकाण म्हणजे घर. शिकलेलं मूल आजोबांना चारचौघांत "हे फेक आहे" म्हणतं आणि आजोबा त्या ग्रुपवर आणखी चार मेसेज टाकतात. बोलायचा सराव घ्या: "आबा, हे कुणी पाठवलं? थांबा, बघू या का दोघं मिळून?" जोडीने दोनदा बोलवून घेतलं की पुरतं.

फरक पडला का, ते मोजणं

सुरुवातीच्या चाचणीसारखीच दहा बातम्यांची दुसरी चाचणी आठवड्याने घ्या. बातम्या नव्या हव्यात. अर्ध्या वर्गाला आधी 'अ' संच आणि नंतर 'ब', उरलेल्यांना उलट द्या. नाहीतर एक संच सोपा असल्याचाच परिणाम प्रगती म्हणून दिसतो.

एकूण गुण बघू नका, दोन रकाने वेगळे मोजा: पाचपैकी किती खोट्या पकडल्या आणि पाचपैकी किती खऱ्या खऱ्याच म्हटल्या. समजा एका मुलीचं आधी २ आणि ४ होतं, नंतर ४ आणि २ झालं. बेरीज दोन्ही वेळा सहाच. ती शिकली नाही, फक्त संशयी झाली. ४ आणि ४ झालं तर तास लागू पडला. पहिला रकाना वाढून दुसरा घसरलेली मुलं वर्गात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असतील तर पुढच्या फेरीत पत्त्यांचा जोड बदला, २४ पैकी १५-१६ खरे घाला आणि तपासणीच्या चिठ्ठ्या सहा करा.

गेमचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो. सहा ते आठ आठवड्यांनी तिसरी चाचणी आणि पत्त्यांची वीस मिनिटांची फेरी आत्ताच वेळापत्रकात लिहून ठेवा. पहिला तास जूनच्या शेवटी घेतला तर ही फेरी ऑगस्टमध्ये येते, पूर आणि दरवाजांचे मेसेज ऐन जोरात असताना, आणि तेव्हा पत्ते छापायची गरज पडत नाही, मुलंच घेऊन येतात.